बुधवारची बैठक आणि सायडरचं माप

पिंपरी-चिंचवडची पार्टी शनिवारी नसते, बुधवारी असते. हिंजवडीचं सोडा, तिथले शनिवार-रविवार अमेरिकेच्या हिशेबाने चालतात. पण भोसरी, चिंचवड, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी मुख्यतः गुरुवारची. एकेकाळी विजेचा भार विभागायचा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, आपल्या वाट्याला गुरुवार आला आणि तो अंगवळणी पडला. आता गंमत बघा. गुरुवार हा दत्ताचा, साईबाबांचा, स्वामी समर्थांचा वार. निम्म्या घरांत त्या दिवशी अंडंसुद्धा फुटत नाही, बाटलीचं तर नाव नको. म्हणजे सुट्टी आहे आणि घ्यायची सोय नाही. त्यामुळे जे काही व्हायचं ते बुधवारी संध्याकाळी, रात्री बाराच्या आत. बुधवारी नऊच्या सुमाराला निगडी, मोशी, चाकणच्या वाईन शॉपसमोर जी रांग दिसते, तिच्यामागे वीज मंडळ आणि देवधर्म असे दोघंही उभे आहेत.

या बैठकीचा मेनू वर्षानुवर्षं ठरलेला. म्हाताऱ्यांची व्हिस्की पाण्यात, मधल्या पिढीची सोड्यात, आणि रम असेल तर थम्स अप. बरोबर शेंगदाणे, कांदा-टोमॅटो, आणि कुणाच्या बायकोने मनावर घेतलं तर कांदाभजी. गेल्या काही वर्षांत या ठरलेल्या मांडणीत सायडर शिरलं आहे. आमच्याकडे ते भाच्याने आणलं. तो चाकणला एका गाडीच्या कारखान्यात आहे. त्याच्या वयाची पोरं सायडर नुसतं पीत नाहीत, सोड्याच्या जागी वापरतात. रमवर सायडर, जिनवर सायडर, बिअरमध्येसुद्धा सायडर. "मामा, कोलापेक्षा हे हलकं," असं त्याचं म्हणणं. हलकं या शब्दाकडे नंतर येतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आधी हे आणायचं कुठून? किराणा दुकानात सायडर म्हटलं की माणूस निमूटपणे ॲपल सायडर व्हिनेगरची बाटली पुढे करतो आणि तुमच्या पोटाकडे बघतो. वजन उतरवण्याच्या नादात त्या व्हिनेगरने आपल्याकडे सायडरचं नाव पार हायजॅक केलं आहे. दोघांचं नातं आहे, नाही असं नाही. सफरचंदाचा रस यीस्टने आंबवला की साखरेची दारू होते, ते सायडर. तेच पुढे हवेवर राहिलं की दुसरे जीवाणू त्या दारूचं आम्ल करतात, ते व्हिनेगर. वाईन शॉपमध्ये विचारलं तर काउंटरवरचा मुलगा ब्रीझर काढतो. ब्रीझरमध्ये तयार दारूला फळाची चव दिलेली असते, सायडरमध्ये फळाचीच दारू झालेली असते. हा फरक त्याला समजावण्याच्या भानगडीत पडू नका, मागे रांग असते. लेबल वाचा. सफरचंदाचा रस आंबवलेला आहे का आणि अल्कोहोल किती टक्के, एवढंच बघायचं. बहुतेक सायडर साडेचार ते सहा टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे बिअरच्या पंगतीतलेच.

पुणेकरांना नळाचं ताजं सायडर पहिल्यांदा चाखायला मिळालं त्यात 'डूलाली'चा वाटा मोठा. ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, 2009 साली कोरिंथियन्स हॉटेलात सुरू झाली. निगडीहून तिथे जायचं म्हणजे सगळं पुणं ओलांडून पलीकडे, तरी लोक जायचे. आणि बिअर प्यायला गेलेले कितीतरी जण ॲपल सायडरचं कौतुक करत परतायचे. पुढे पुण्यातच रोहन रेहानी आणि नितीन विश्वास या दोघांनी 'मूनशाइन मीडरी' काढली. त्यांचा मूळ धंदा मीडचा, म्हणजे मध आंबवून केलेल्या पेयाचा. पण मध आणि सफरचंदाचा रस एकत्र आंबवलेलं त्यांचं ॲपल सायडर मीड बाटलीत मिळतं आणि मिसळायला उत्तम चालतं. शुद्ध सायडरवाले नाक मुरडतील. मुरडू देत.

आंबवणं ही गोष्ट पिंपरीला परकी नाही, हेही सांगून ठेवतो. गावाच्या कारखानदारीची सुरुवातच त्यापासून झाली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 साली इथे उभी राहिली, आणि पेनिसिलिन म्हणजे तरी काय, मोठमोठ्या टाक्यांत साखरेवर पोसलेल्या बुरशीचंच काम. दापोडीला अल्फा लावल आहे; त्या कंपनीचे गरगर फिरणारे सेपरेटर दुधापासून बिअरपर्यंत आणि फळांच्या रसांपर्यंत सगळं नितळ करून देतात. हिंजवडीत प्रमोद चौधरींची प्राज, जिने कितीतरी देशांत डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. जगभर दारूच्या टाक्या बांधून देणाऱ्या या पट्ट्यातल्या माणसाला स्वतःच्या ग्लासात काय पडतंय हे मात्र नीट माहीत नसतं.

भाचा ट्रेनिंगसाठी जर्मनीला जाऊन आलेला. ही वाट जुनी आहे. मर्सिडीजची गाडी भारतात पहिल्यांदा जुळवली गेली ती 1995 साली पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. 2009 मध्ये कारखाना चाकणला गेला, त्याच वर्षी फोक्सवॅगनही तिथे सुरू झाली. तेव्हापासून इकडची पोरं तिकडे आणि तिकडचे साहेब इकडे असं चालूच आहे. स्टुटगार्टच्या आसपासच्या खेड्यांत सफरचंद आणि नासपती आंबवून 'मोस्ट' करतात. दाराबाहेर केरसुणी टांगलेली दिसली की समजायचं, आत घरची वाइन नाहीतर मोस्ट मिळेल. फ्रँकफर्टला तर सफरचंदाच्या वाइनचं वेडच आहे. करड्या-निळ्या मातीच्या जगातून ती खाचांच्या ग्लासात ओततात, आणि बरेच लोक त्यात साधा सोडा घालतात. लक्षात घ्या, तिकडे सोडा सायडरमध्ये जातो, पेय आणखी सौम्य करायला. आपल्याकडे सायडर दारूत जातं. तिथे इंग्रजांचा कित्ता आपण गिरवला: निम्मी लागर बिअर, निम्मं सायडर, नाव 'स्नेकबाइट'. नावातच काय ते आलं. इंग्लंडमधले काही पबवाले ते द्यायलाच नकार देतात.

आता हलकेपणाचा हिशेब. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे आकड्यांशिवाय मला पटत नाही. या गावातली निम्मी माणसं दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलतात. शाफ्ट दोन शतांश मिलिमीटरने जाडा आला तर जॉब रिजेक्ट. आणि तीच माणसं बुधवारी बाटली तिरकी करून "बस, एवढंच" म्हणत हाताच्या अंदाजाने ओततात.

ओल्ड मंक घ्या, 42.8 टक्के. 60 मिलीचा लार्ज ओतलात तर शुद्ध अल्कोहोल झालं 25.7 मिली. त्यावर 330 मिलीची सायडरची आख्खी बाटली, पाच टक्क्यांची. तिचं अल्कोहोल 16.5 मिली. म्हणजे एक स्मॉल पेग आणि वर थोडं, हे त्या 'हलक्या' सायडरच्या पोटातच होतं. बेरीज 42.2 मिली. स्मॉलमध्ये मोजलं तर सव्वातीन. माणूस समजतो एक लार्ज घेतला, असे दोन झाले की साडेसहा स्मॉल अंगात गेलेले असतात आणि तोंडाला चव फक्त सफरचंदाची. सोडा, पाणी, कोला यांच्यात अल्कोहोल शून्य. म्हणून वर्षानुवर्षं आपण फक्त बाटलीतली दारू मोजत आलो, मिक्सर मोजायची सवयच नाही. सायडर हा मिक्सर नव्हेच, ती दुसरी दारू आहे. तिच्या अंगी सोड्याचे सगळे गुण आहेत, एवढाच काय तो घोटाळा.

पण हाच हिशेब उलटा फिरवला तर सायडरइतकी कामाची वस्तू नाही. रम 30 मिली, सायडर 150 मिली. बेरीज 20.3 मिली, म्हणजे नेहमीच्या लार्जपेक्षा कमी. आणि ग्लास मात्र उंच, भरलेला, हातात अर्धा-पाऊण तास टिकणारा. 2025 च्या जूनमध्ये राज्य सरकारने ठराविक निर्मिती खर्चापर्यंतच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क तिपटीवरून साडेचारपट केलं, तेव्हापासून रमची बाटली जरा जपून वापरावी असं सगळ्यांनाच वाटू लागलं आहे. तेवढ्यासाठी तरी माप हातात घ्या. महागडा जिगर नको. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी प्लास्टिकची छोटी टोपी असते ना, तिच्यावर 5, 10, 15 अशा रेघा असतात. ती धुऊन ट्रेमध्ये ठेवा. सुरुवातीला मित्र हसतील. तिसऱ्या बुधवारी तेच ती शोधत फिरतील.

रम-सायडरची जोडी काही चाकणच्या पोरांनी शोधलेली नाही. अठराव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागात ती घरोघरी होती. 'स्टोन फेन्स' म्हणायचे तिला. 1775 साली ईथन ॲलनची माणसं टायकोंडरोगाच्या किल्ल्यावर चालून गेली ती आदल्या रात्री हेच पिऊन, अशी आख्यायिका सांगतात. तेव्हा त्यांच्याकडे सफरचंदं मुबलक होती आणि वेस्ट इंडीजहून येणारी रम स्वस्त. आपल्याकडे उसाची मळी मुबलक, म्हणून रम घरची. सफरचंद तेवढं हिमाचल-काश्मीरहून येणार.

आणि तिथेच चवीचं एक दुखणं आहे. परदेशात सायडरसाठी खास सफरचंदं लावतात. लहान, आंबट, तुरट. नुसती खाल्ली तर तोंड आवळून येईल. आपल्या बागांत मुख्यतः डेलिशस जातीची, खायची गोड सफरचंदं. त्यांच्यात आंबटपणा कमी आणि तुरटपणा जवळजवळ नाहीच. त्यामुळे अशा फळांचं सायडर पातळ आणि गोडसर लागतं. रममध्ये घातलं की गोडात गोड मिसळून सगळं गुळमुळीत होतं. यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे: कोरा चहा. पाण्यात चहापत्ती कडक उकळायची, साखर-दूध काही नको, गाळून फ्रिजमध्ये थंड करायचा. ग्लासात आधी 30 मिली रम, मग या डिकॉक्शनचे दोन मोठे चमचे, आल्याचा रस पाव चमचा, त्यावर बर्फ, आणि शेवटी ग्लासच्या कडेने सायडर. चहातलं टॅनिन सफरचंदात नसलेला कणा आणून देतं. घरी सायडर करणारे परदेशी लोकही गोड फळांच्या रसात चहा घालतात, ते याच कारणाने. थोडी गोडी हवीच असेल तर साखर नको, काकवीचे चार थेंब टाका. मळीची रम आणि उसाची काकवी एकमेकांना लगेच ओळखतात.

आवळ्याचा रसही हेच काम करतो, आंबट आणि तुरट दोन्ही एकदम. हिवाळ्यात आवळे येतात तेव्हा जिनमध्ये करून बघा. जांभळाचा हंगाम जूनमध्ये. चार जांभळं ग्लासाच्या तळाशी कुस्करली तर रंगही भारी येतो. कोकमाबद्दल मात्र माझं मत घरात कुणाला मान्य नाही. कोकम सायडरला खाऊन टाकतं, मग महागाचं सायडर कशाला, कोकम-सोडाच करा. लिंबाचंही तसंच. सवयीने आपण कशावरही लिंबू पिळतो. पण सायडरला स्वतःचं आम्ल असतं, त्यावर अर्धं लिंबू पिळलं की सफरचंद नाहीसं होतं. वास हवा असेल तर सालीचा तुकडा पिळून टाका, रस नको. व्हिस्कीबरोबर सायडर चालतं, पण स्कॉच वगैरे वाया घालवू नका. व्होडका घालणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. त्यांना चव नकोच असते.

एक गोष्ट कळवळून सांगतो: शेकर वापरू नका. ऑनलाइन मागवलेला स्टीलचा शेकर घरात आला की प्रत्येकाला तो हलवायचा असतो. फसफसणारं पेय बंद भांड्यात हलवलं की आतला वायू सुटतो, झाकण उडतं आणि भिंतीवर रमचे ओघळ येतात. ते पुसायला कुणी मित्र थांबत नाही. सायडर नेहमी शेवटी, सावकाश, आणि चमच्याने एकदाच खालून वर. आणि बाटली चार तास तरी फ्रिजमध्ये हवी. चार-पाच अंशांना द्रवात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो, तो पंचविशीला निम्म्यावर येतो. गरम बाटली उघडून वर बर्फ ओतला तर फेस सगळा ग्लासाबाहेर, आणि आत उरतो सफरचंदाचा फिका रस. बर्फही मोठा घ्या. फ्रिजच्या ट्रेतले बारके तुकडे भजीचा दुसरा घाणा येईपर्यंत पाणी होतात. स्टीलच्या वाटीत रात्रभर पाणी गोठवा, एका ग्लासाला एक ढेप पुरते.

चखण्याचा प्रश्न सायडर आपणच सोडवतं. आंबट-गोड आणि फसफसणारं असल्यामुळे तळलेलं आणि तिखट दोन्ही पुढे रेटतं. चाकणच्या बाजारातला कांदा घ्या, जाड उभा चिरा, बेसन कमी आणि ओवा जास्त. खेकडा भजी म्हणतात ती. सायडर आणि खेकडा भजी यांच्यापुढे मला चीजचे क्यूब आणि ऑलिव्ह अगदी केविलवाणे वाटतात. गटारीला ज्यांच्याकडे मटण शिजतं त्यांनी सुक्क्याबरोबर घ्यावं, रश्श्याबरोबर नको.

पावसाळ्यात काही हौशी लोक सायडर गरम करतात. दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, आल्याची चकती घालून मंद आचेवर. वाफ यायला लागली की गॅस बंद, उकळी नको, रम खाली उतरवल्यावर घालायची. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं. चहासारखं खळखळू दिलंत तर तुमचे पैसे छताला लागतील. फेस अर्थातच जातो. सर्दीवर औषध वगैरे म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, चवीला छान लागतं एवढं कारण पुरे आहे.

कायद्याचं थोडक्यात. यीस्टची पुडी आणून वीस लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये सफरचंदाचा रस आंबवायची कल्पना चाकणच्या प्रत्येक बॅचलर फ्लॅटमध्ये कधी ना कधी निघते. परवान्याशिवाय दारू करणं हा आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती सफरचंदाची असो की मोहाची. शिवाय झाकण घट्ट लावलेला जार फुटतो तो वेगळाच. तयार बाटल्या आणा आणि मिसळा. पिण्याचा परवानाही काढून ठेवा, वर्षाचा शंभर रुपयांना आणि आजन्म हजाराला मिळतो. बिअर-वाइनला वयाची अट 21, रम-व्हिस्कीला 25. म्हणजे नव्याने लागलेल्या ट्रेनी पोरांना सायडरवर रम ओतण्याआधी थोडी वर्षं कळ काढावी लागेल. आषाढी-कार्तिकीला ड्राय डे असतो. एका हाताला देहू, दुसऱ्या हाताला आळंदी, आणि तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला. या गावात ते वेगळं सांगायची गरज पडू नये.

कंपनीच्या बसचंही बघा. ज्यांची सुट्टी गुरुवारची नाही, त्यांची पहिली शिफ्ट गुरुवारी सकाळीच असते, आणि चाकणच्या काही गेटांवर ब्रेथ ॲनालायझर घेऊन माणूस उभा असतो. शरीर तासाला साधारण दहा मिली अल्कोहोल निकालात काढतं. वर सांगितलेला 20 मिलीचा एक ग्लास उतरायला दोन तास, आणि ते साडेसहा स्मॉल उतरायला आठ तासांहून जास्त. रात्री बाराला शेवटचा घोट घेतलेल्याची सकाळची बस हुकली नाही तरी गेट हुकू शकतं. गाडी चालवायची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. सायडरच होतं, ही सबब पोलिसांच्या यंत्राला कळत नाही.

आता यजमानांना एक विनंती. सायडर काचेच्या जगात काढून टेबलावर मांडू नका. दिसायला सुंदर दिसतं, मान्य. सोनेरी, बुडबुडे येणारं, हुबेहूब ॲपी फिझसारखं. तुमच्या हॉलमध्ये सोसायटीची पोरं पळत असतात, उपवासाच्या मावशी बसलेल्या असतात, गोळ्या चालू असलेले शेजारचे काका असतात. कुणीही तहान लागली म्हणून तो जग उचलेल. सायडर बाटलीतच ठेवा, लेबल बाहेरच्या बाजूला करून. जगात ॲपी फिझ ओता, आणि आल्याचा रस आणि कोरा चहा त्यातही घाला. न पिणाऱ्यांनाही जरा बरं काहीतरी मिळायला हवं, बुधवार त्यांचाही असतो.